जपानी, अमेरिकन आणि येळवस

काल सकाळी नांदेडहून शिवाचा फोन आला.

“अक्का, यंदा येळवस कोणत्या वारी हाय गं?”

शिवा माझा धाकटा भाऊ. नांदेडात पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे त्याचं, आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर रस्त्यावरूनही वाचता येईल एवढ्या आकड्यांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्याला वार माहीत असतो. त्याला तो माहीत आहे हे मलाही माहीत असतं. पण मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली की हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही, कारण त्याला खरं म्हणजे जुना वाद उकरून काढायचा असतो. मी वार सांगितला. मग तो अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला, “अन् अप्पा काय म्हणून राहिले? अजून हेका सुटला न्हाई का त्यांचा?”

फोन ठेवून मी दार उघडलं तर हवा बदललेली. लातूरचा हिवाळा फार थंड नसतो, पण कोरडा आणि चोख असतो. डाळ मिलच्या बाजूने तुरीच्या फोलपटांचा वास येतो, क्लासला निघालेली पोरं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतात, आणि गाव संपलं की जवसाची निळी फुलं दिसायला लागतात. हरभऱ्याच्या पानांवर सकाळी आंब साचलेली असते. तीतून चाललं की मोजे ओले होतात आणि बोट चाटून पाहिलं तर जीभ आंबते. या हवेत मला आधी सायकलवर बसावंसं वाटतं आणि त्यानंतर लगेच कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. काही वर्षांपूर्वी, शिवाचा तो जुना वाद पेटला त्या हिवाळ्यात दोन्ही हौशी एकदमच भागल्या.

त्या वर्षी पावसाळ्यात माझं डावं मनगट मोडलं होतं. काही पराक्रम वगैरे नव्हता. शेतातून रस्त्यावर चढलेल्या ट्रॅक्टरने वळणावर काळ्या मातीचा चिखल सांडून ठेवला होता, वरून पाऊस पडला होता, आणि माझी स्कूटर त्यावरून लोण्यावरून गेल्यासारखी गेली. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेचना. बारीक, पांढरट, आणि हुकूम न मानणारा. मी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. बल, आघूर्ण, तरफ ही माझी रोजची भाकरी. पण माझ्याच बोटांना एक प्लास्टिकचा चेंडू दाबायला सांगितला तर ती माझ्याकडे नापास होणाऱ्या मुलासारखी पाहत राहायची.

आणि बैठकीच्या भिंतीवर एक सायकल टांगलेली होती. सायकल म्हणजे नुसता सांगाडा. रेसिंगची वाकड्या हँडलची हलकी सायकल बांधून घ्यायची माझी किती वर्षांची इच्छा होती. पडण्याच्या थोडंच आधी तो निळा सांगाडा पुण्याहून मागवला होता. त्यावर गिअर, ब्रेक, चेन, चकत्या असं सगळं बसायचं बाकी होतं. हे सगळं एकाच कंपनीचं, एकमेकांशी जुळणारं असं एकत्र घ्यावं लागतं. त्याला ग्रूपसेट म्हणतात. पाहुणे यायचे, भिंतीकडे बघायचे आणि विचारायचे, “हे शोभेचं हाय का?” सुधाकर, माझा नवरा, गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “सध्या तरी.”

तर प्रश्न होता, ग्रूपसेट कोणता. आमच्या सायकलवाल्या मंडळींत त्यावरून सरळ दोन पार्ट्या होत्या. एक जपानी, एक अमेरिकन. इटालियनही असतं म्हणे, पण त्याबद्दल शिवाचं मत पक्कं होतं: “त्याचं नाव काढू नको अक्का. एक पार्ट मागवला तर तुझी नातवंडं दारात सही करून घेतील.”

जपानी पार्टीचा पुढारी म्हणजे शिवा. तो नांदेडहून मुदखेडपर्यंत रोज पहाटे जाऊन येतो आणि परत आल्यावर दुकान उघडायच्या आधी चेन पुसतो. बायकोने लग्नात आणलेल्या टॉवेलने पुसतो म्हणून त्यांच्या घरात एक वेगळं महाभारत आहे, ते असो. अमेरिकन पार्टीचे पुढारी म्हणजे आमचे मन्मथअप्पा. अप्पांची लातुरात डाळ मिल आहे. कपाळावर भस्माची तीन बोटं, अंगात झगमगीत सायकलची जर्सी, आणि डोक्यावर हेल्मेट. वय पन्नाशीच्या पुढे, पण चढावर त्यांच्या मागे राहायचं म्हणजे जीव काढावा लागतो. रविवारी सकाळी शिवा लातूरला आला की मोंढ्याजवळच्या चहाच्या टपरीवर हे दोघं समोरासमोर बसायचे, मी मध्ये. मी तेव्हा सायकलवरून येत नव्हते, चालत यायचे. पण वादाला मनगट लागत नाही.

“अप्पा, तुमच्यात गिअरच्या एकाच पट्टीला दोन कामं. थोडी ढकलली की एक गिअर, जास्त ढकलली की दुसरा. चढावर घाम गळून राहिला, तेव्हा थोडी किती अन् जास्त किती, याचा हिशेब कोण करणार?”

“आन् तुमच्यात गिअर टाकताना ब्रेकच बाजूला हालतोय की, शिवराज! ब्रेक कसा पायजे? खांबावानी. तुमचा ब्रेक म्हंजे दाराची कडी, इकडंबी जातीय, तिकडंबी जातीय.”

“ते डिझाईन हाय, अप्पा.”

“मी कुठं न्हाई म्हन्लं? दाराच्या कडीलाबी डिझाईन असतंयच.”

मग तेल. जपानी ब्रेकमध्ये त्यांचं खास तेल लागतं, ते पुण्याहून मागवायचं. अमेरिकन ब्रेकला मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचं तेल चालतं. हा अप्पांचा हुकमाचा एक्का. “लातूरच्या कुठल्याबी गॅरेजात जा, बाटली मिळतीय!” यावर शिवा विजयी मुद्रेने म्हणायचा, “अन् ते तेल सांडलं तर सायकलचा रंग खाऊन टाकतंय, ते सांगा की अक्काला.” अप्पा म्हणायचे, “सांडायचं कशाला?” अन् चहा पुन्हा यायचा. खरं सांगते, मला ते वाद अतोनात आवडायचे. पावसाळाभर घरात बसून हाताकडे बघत राहिल्यावर, जगात ब्रेकचा दांडा हलावा की हलू नये यावर जीव तोडून बोलणारी माणसं आहेत, ही गोष्टच मला औषधासारखी लागू पडत होती. आमच्या भागात सोयाबीनचं बियाणं असो, ट्रॅक्टर असो की क्लासमधला सर असो, माणूस आधी पार्टी निवडतो आणि मग कारणं गोळा करतो. मीही त्यातलीच. फक्त मला अजून पार्टी सापडत नव्हती.

कारण माझा खरा प्रश्न जपानी की अमेरिकन हा नव्हताच. तो या दोघांनाही माहीत होता, म्हणून तर ते एवढ्या मोठ्याने भांडत होते.

रेसिंगच्या सायकलला पेडलपाशी दोन चकत्या असतात, एक लहान, एक मोठी. चढ आला की चेन लहान चकतीवर आणायची, रस्ता मोकळा झाला की मोठीवर चढवायची. लहानवर आणणं सोपं. मोठीवर चढवायला मात्र जोर लागतो, आणि तो लीव्हर नेमका डाव्या हाताखाली असतो. माझा डावा हात ब्रेक दाबू शकत होता, पण आडवा रेटा द्यायचा म्हटलं की संपलं. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर अगदी समजूतदार उपाय सुचवला. “मॅडम, पुढे एकच चकती ठेवू. डावीकडे गिअरचा लीव्हरच नको. हाताला आराम.” फिजिओथेरपीवाल्या मुलीलाही ते पटलं. सुधाकरला पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नाही. जगात कितीतरी लोक हौसेने तशी सायकल चालवतात.

मला मात्र ते ऐकून रात्रीची भाजी कडू लागली. हौसेने घेतली असती तर गोष्ट वेगळी. पण ही तर माझ्या हाताला सक्तीची निवृत्ती होती. एकदा का ती जागा रिकामी सोडली, की हात पुन्हा काही मागणार नाही आणि मी त्याला काही देणार नाही, असं मला आतून ठाम वाटत होतं. आज गिअर, उद्या डब्याचं झाकण, परवा पदराची पिन. मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अर्धी व्हायचं नव्हतं. मला शिवाबरोबर भोकरवरून इस्लापूरपर्यंत जायचं होतं, सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज सायकलवर बसून ऐकायचा होता, आणि दोन्ही हातांनी जायचं होतं. दुकानदाराला मी सांगितलं, “अमावस्या झाली की कळवते.” तो बिचारा पुण्याचा. अमावस्येचा आणि गिअरचा काय संबंध, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

आमचे वडील उदगीरकडचे शेतकरी. बियाण्याच्या दुकानात ते शेवटी जायचे. त्याच्या आधी एक पूर्ण दिवस ते शिवार बघत हिंडायचे. कुणाच्या रानात कोणतं वाण उभं आहे, शेंग कुठवर लागली आहे, झाड वाऱ्याने पडतंय का, ते पाहायचे, पान चोळून वास घ्यायचे, आणि मग कुणाला काही न विचारता घरी यायचे. “पिशवीवरलं चित्र बघून पेरत नसतंय, बाय,” म्हणायचे. मीही ठरवलं, चित्रं पुरे झाली. दोघांच्या सायकली उभ्या पिकासारख्या चालवून बघायच्या. आम्ही तिघंही सारखेच बुटके, सीट जराशी खालीवर केली की झालं.

दुकानदाराला सांगितलेली अमावस्या शिवाने निवडली होती. “येळवशीला,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच हुशारीवर इतका खूश झाला की टपरीवरच्या सगळ्यांना त्याने बिस्किटं वाटली.

लातूरबाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागेल. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर गावात माणूस राहत नाही. दुकानं बंद, बाजार बंद, क्लाससुद्धा बंद, आणि लातुरात क्लास बंद असणं म्हणजे काय ते इथल्या आईबापांना विचारा. सगळा गाव शेतात. स्वतःचं शेत नसेल तर मित्राच्या, शेजाऱ्याच्या, ज्याचं बोलावणं असेल त्याच्या. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबिलाचं मडकं घोंगडीत गुंडाळून न्यायचं, आणि दिवसभर खायचं. रस्ते मात्र संचारबंदी लागल्यासारखे मोकळे. “वाहन न्हाई, माणूस न्हाई,” शिवा म्हणत होता. “अक्का, न थांबता चाकूर ओलांडून अहमदपूरपर्यंत. असा टेस्टचा रस्ता वर्षातून एकदाच भेटतो.”

अप्पांनीही मान डोलवली. मीही. तीन शहाणी माणसं, तिघंही जन्मापासून येळवस खात आलेली, आणि तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की रस्ते रिकामे असतात कारण शेतं भरलेली असतात.

आदल्या दिवशी शिवा गाडीने आला. सायकलचं पुढचं चाक काढून ती मागच्या सीटवर निजवलेली, आणि सीटबेल्ट सायकलला बांधलेला. बायको पुढे मांडीवर चाक घेऊन बसली होती. सकाळी सुधाकर, आमची जाऊ आणि ती गाडीत भज्जीची, म्हणजे मिसळभाजीची, पातेली आणि जावेने केलेलं आंबील घालून चाकूरच्या अलीकडच्या आमच्या शेताकडे गेली, आणि आम्ही तिघं उन्हं वर आल्यावर निघालो. मी अप्पांच्या अमेरिकनवर, अप्पा माझ्या जुन्या सरळ हँडलच्या सायकलवर, शिवा त्याच्या जपानीवर. काही वेळाने अदलाबदल, असा नियम. रस्ता खरोखर मोकळा होता. मोठा, काळा, चकचकीत, आणि सगळा आमचा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडावर वारा येत होता आणि मी जोराने हसत होते, एकटीच.

गाव संपून जरा पुढे गेलो तोच डावीकडच्या तुरीतून आवाज आला, “ओ सायकलवालं! थांबा की!”

आम्ही हात हलवून पुढे जाऊ लागलो. त्यावर एक नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाई बांधावरून सरळ रस्त्यावर आल्या आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ब्रेक दाबावेच लागले.

“कुठं चाल्लाव?”

“अहमदपूरकडं, मावशी.”

“येळवशीचं? उपाशी?” त्यांनी आमच्या हेल्मेटकडे पाहिलं. “काय केलंय तुमी? कुणी घरातून काढून दिलंय का?”

“न्हाई मावशी, आमचं पुढं शेत हाय, तिथं जेवनार…” अप्पा म्हणाले.

“तिथं जेवा की. हितं घोट घोट आंबील घ्या. रस्त्यानं जानारा तसाच गेला तर माज्या रानाला काय वाटंल?”

रानाला वाईट वाटू देणं कुणाला जमेल? आम्ही उतरलो. आंबील थंडगार, ज्वारीच्या पिठाचं, जिऱ्यालसणाचं, ताकाने फुगलेलं. बाजरीच्या उकडलेल्या पिठाचा एकेक उंडा हातावर, त्यावर भज्जी. निघताना त्यांच्या नातींनी आमच्या सायकलींच्या घंट्या शोधल्या. सापडल्या नाहीत म्हणून त्यांना आमची फार कीव आली.

पुन्हा सायकलवर बसलो. जेमतेम वेग आला असेल तर उजवीकडून, “या जेवाया!” मग पुढच्या वळणावर झोके बांधलेलं आंब्याचं झाड आणि त्याखाली शिवाच्या गिऱ्हाइकाचा मेहुणा. मग कुणी अप्पांच्या मिलला तूर घालणारे. मग कुणीच ओळखीचे नाहीत, पण “आवो ताई, तुमी आमच्या पोराला फिजिक्स शिकीवलंय!” असं म्हणणारे. खीर, कोंदीची पोळी, वांग्याचं भरीत, परत आंबील. शिवा प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघायचा आणि प्रत्येक वेळी ताटाकडेही. अहमदपूर तर सोडाच, चाकूरही आम्हाला काही केल्या येईना. “टेस्ट बोंबलली,” तो पोट धरून म्हणाला. “पूर्ण बोंबलली.”

पण बोंबलली नव्हती. मोकळ्या सपाट रस्त्यावर डाव्या लीव्हरला तासभरसुद्धा काही काम नसतं. शिवाच्या बेताप्रमाणे न थांबता गेलो असतो तर मला वारा कळला असता, सायकली कळल्या असत्या, हात कळला नसता. इथे प्रत्येक हाकेला थांबायचं होतं. थांबायच्या आधी चेन लहान चकतीवर, पोट घेऊन निघताना हळूहळू पेडल, आणि वेग आला की पुन्हा मोठीवर. म्हणजे प्रत्येक शेतामागे डाव्या हाताला एक परीक्षा.

आणि तो प्रत्येक परीक्षेत नापास होत होता. अमेरिकनवर मी पट्टी अर्धवटच ढकलायचे, आणि अर्धवट ढकलली की चेन मोठीवर न जाता होती तिथेच खालमानेने राहायची. जपानीवर तर अख्खा ब्रेकचा दांडा आत रेटावा लागे. बोटांना जमेना म्हणून मी तळहाताची कड लावायचे, चेन खरखर करायची, चढल्यासारखी वाटायची आणि घसरून परत यायची. पहिल्या काही वेळा दोन्ही पार्ट्या उत्साहात होत्या. “बघा, पट्टीचा गोंधळ!” “बघा, दाराची कडी!” मग हळूहळू दोघं चिडवायचं सोडून माझी वाट बघत थांबायला लागले. ते मला जास्त लागलं.

आमच्या शेतात पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. सुधाकरने कोपीभोवती आंबील शिंपडत पूजा उरकली होती. त्याच्यामागून “ओलगे ओलगे” असा पूजेचा गजर करायला आम्ही वेळेवर आलो नाही म्हणून त्याचा चेहरा फुगलेला. मी पत्रावळीसमोर बसले. आमच्या जावेने पाण्याचा तांब्या पुढे केला, मी विसरून डावा हात पुढे केला, आणि तांब्या हातातून निसटून भज्जीत सांडला. जावेने पत्रावळ बदलली. माझं मनगट ठणकत होतं. मी शिवाला म्हटलं, “उद्या पुण्याला कळवून टाकते. एकच चकती. डावीकडे काही नको.”

शिवा उठला आणि सायकलींकडे गेला. माझा स्कार्फ हँडलला अडकवलेला होता. बोटं माझ्यासारखी आखडावीत म्हणून तो त्याने स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळला, दातांनी गाठ मारली, आणि त्याच्या लाडक्या जपानीवर बसून शेतातल्या पायवाटेवरून रस्त्यावर गेला. आम्ही बांधावरून बघत राहिलो. गेला, आला. गेला, आला. मग अप्पांची घेऊन गेला. परत आला तेव्हा स्कार्फ सोडता सोडता म्हणाला, “अक्का, अप्पांचं घे. आमचं न्हाई व्हायचं तुला. त्यांचं होईल, वेळ लागंल, पण होईल. एक चकतीचं बोलू नको.”

शिवाने अमेरिकन घे म्हणावं! अप्पांचे डोळे विस्फारले. जिंकल्यावर काय करायचं असतं ते त्यांना अजिबात सुचलं नाही. त्यांनी नुसता शिवाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आंदी खीर खा बरं.” मला त्या क्षणी माझ्या भावाबद्दल एवढा जिव्हाळा दाटून आला की मी त्याला रागावले, हात सुजवून घेशील म्हणून.

आता विचार करते तेव्हा वाटतं, निवड करायची वेळ येणं हे किती सुखाचं असतं. आपण उगाच त्याला डोकेदुखी म्हणतो. दोन चांगल्या गोष्टी समोर असणं, दोन्हीकडची माणसं आपल्याला ओढत असणं, रविवारच्या सकाळी चहावर चहा येत असणं. खरी डोकेदुखी म्हणजे समोर एकच वस्तू असणं आणि ती आपल्याला परवडते म्हणून, झेपते म्हणून, दुसरी झेपत नाही म्हणून घ्यावी लागणं. शिवाने मला प्रेमाने दिलेलं उत्तरही शेवटी तसंच होतं. ते घेऊन मी परतीच्या रस्त्याला लागले.

येताना पुन्हा हाका आल्याच. आता उतारावरच्या शेतांतून झोके खेळून दमलेल्या बायका, पतंग उतरवून घेणारे पुरुष, आणि सगळ्यांकडे उरलेलं आंबील. “संपवून जावा, माघारी न्यायचं नसतंय.” थांबलो. निघालो. थांबलो. सायकलींची अदलाबदल आता कुणी नियमाने करत नव्हतं. उठताना जी जवळ असेल ती घ्यायची. ज्वारीवर तिरपं ऊन पडलं होतं, आणि कुठेकुठे येळवशीच्या रीतीप्रमाणे पेटत्या पेंढ्या हातात घेऊन माणसं पिकाभोवती धावायला लागली होती.

लातूरच्या अलीकडे एक लांब, आळशी चढ आहे. त्यावर शिवा आणि मी भांडत होतो. विषय ग्रूपसेट नव्हता, सकाळच्या मावशींचं आंबील चांगलं की आमच्या जावेचं. तो जावेच्या बाजूने, खाल्ल्या मिठाला जागणारा. मी म्हणत होते, लसूण कमी पडला होता. मान वळवून, तावातावाने, सिद्ध करून देत होते. चढ संपला, समोर सगळा उतार आणि त्यापलीकडे गावाचे पहिले दिवे, आणि मी पेडलवर उभी राहून म्हटलं, “आणि जिरं भाजलेलंच नव्हतं!”

“अक्का.”

“काय आता? भाजलेलं होतं?”

“अक्का, तू मोठीवर टाकलंस.”

“काय टाकलं?”

त्याने नुसतं बोट दाखवलं. मी खाली पाहिलं. चेन मोठ्या चकतीवर होती. खरखर नाही, काही नाही, जशी काय सकाळपासून तिथेच होती. आणि मग मला वाकून हँडल बघावं लागलं, कारण मी कुणाच्या सायकलवर आहे हेच मला माहीत नव्हतं. जपानी. अख्खा दांडा. माझी चारही बोटं त्यावर, आणि तळहाताची कड कुठेच नाही.

मी थांबले नाही. लहानवर आणली. मोठीवर टाकली. लहानवर. मोठीवर. नवीन घरात बल्बचं बटण सापडलेल्या पोरासारखी मी त्या उतारावर खटखट करत सुटले आणि ओरडत होते, काय ते आठवत नाही. दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. प्रत्येक वेळी जात होतं असंही नाही. पण जात होतं.

खाली आल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो. शिवाचा आवाज फाटला होता. “जपानी! लागला निकाल! अप्पा, बोला!”

अप्पांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं. “मान्य हाय.”

“मला अप्पांचं घ्यायचंय,” मी म्हटलं.

“आँ?” दोघंही एकदम.

“मला गिअर पडताना होणारा त्याचा तो टक् आवाज आवडतो. सकाळपासून आवडतोय. पण सकाळी तो मला झेपतो का, एवढंच मी बघत होते.”

“अगं पण आमचं जमलं ना तुला!”

“जमलं म्हणूनच. आता मला जे आवडतं ते घेते.”

शिवा हसायला लागला, हसता हसता तुरीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. मी तिथेच पुण्याला फोन लावला. दुकान बंद व्हायची वेळ होती. मी अमेरिकन म्हणून सांगितलं. शिवाने मध्येच फोन ओढून, “अहो, तिला अजून एकदा विचारून घ्या,” असा शेवटचा प्रयत्न करून पाहिला. फोन माझ्याकडे परत आला तेव्हा दुकानदार शांतपणे सगळं लिहून घेत होता.

“आणि मॅडम, मागे मी सुचवलं तशी एकच चकती ना? डावीकडची जागा रिकामी ठेवतो.”

“नाही,” मी म्हटलं. फोन मी डाव्या हातात धरला होता. “दोन चकत्या. लीव्हर दोन्हीकडे लावा.”